गल्ल्यावरचा कान

मिरजेत आमचं कॅसेटचं दुकान होतं. लक्ष्मी मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर, दहा बाय बाराचा गाळा, तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथं जायचे आणि स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. गिऱ्हाईक गाण्याचं नाव क्वचितच सांगत असे. "ते रेडिओवर लागतं बघा, बाई गाती, मागं बासरी हाय," एवढंच. नाहीतर मग लाजत लाजत दोन ओळी गुणगुणायचं, तीही भलत्याच पट्टीत. अण्णा डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि न बघता मागं हात घालून नेमकी तीच कॅसेट काढायचे. मला तेव्हा ती जादू वाटायची. आता कळतं की तो कान होता. दिवसभर माणसं काय मागतात, कशासाठी पुन्हा येतात, कुठलं गाणं ऐकताना पायरीवर रेंगाळतात, हे ऐकून ऐकून तयार झालेला गल्ल्यावरचा कान.

काही वर्षांपूर्वी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकण्याचा नाद लागला आणि एका रात्री जिमी रीडचं एक गाणं हेडफोनवर लावलं. सावकाश, झुलत जाणारं गाणं. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की त्याच्या आवाजाच्या मागं आणखी एक आवाज आहे. बाईचा, दबका, त्याच शब्दांचा. आधी वाटलं रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी गडबड आहे. मग शोधत गेले आणि त्या आवाजापासून एका रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचले. तिचं नाव व्ही-जे. ही कंपनी एका दुकानाच्या गल्ल्यावर जन्माला आली होती हे वाचलं, तेव्हा मी उठून बसले.

गॅरी हे शहर इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर. १९०६ साली यू. एस. स्टील कंपनीनं वाळूच्या टेकड्या सपाट करून ते वसवलं आणि कंपनीच्या अध्यक्षाचंच नाव गावाला दिलं. भट्ट्यांना माणसं हवी होती, आणि मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून सुटू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना काम हवं होतं. व्हिव्हियन कार्टर अशाच एका घरातली. १९२१ साली मिसिसिपीतल्या ट्यूनिका इथं जन्मलेली, लहानपणीच गॅरीला आलेली, तिथल्या रूझवेल्ट हायस्कुलात शिकलेली. १९४८ साली शिकागोतला नावाजलेला रेडिओ निवेदक अल बेन्सन यानं नवे निवेदक शोधण्यासाठी स्पर्धा घेतली, त्यात ती जिंकली. पुढं गॅरीच्या रेडिओवर तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. जोडीदार जेम्स ब्रॅकनबरोबर तिनं गॅरीच्या ब्रॉडवे रस्त्यावर रेकॉर्डचं दुकानही टाकलं. नाव 'व्हिव्हियन्स रेकॉर्ड शॉप'.

रेडिओ आणि दुकान या दोन गोष्टी एकाच बाईच्या हातात असणं म्हणजे काय, हे दुकानदाराच्या मुलीला वेगळं सांगावं लागत नाही. आपण वाजवलेली तबकडी शोधत कोण दारात येतं, हे तिला समोर दिसत होतं. पुस्तकी बाजारपाहणीची तिला गरजच नव्हती. पोलाद कारखान्यातून सुटलेला माणूस काय मागतो, त्याची बायको काय मागते, शाळेतली पोरं काय मागतात, आणि त्यांना हवं ते बाजारात का मिळत नाही, हे तिला तोंडपाठ होतं.

१९५३ साली तिच्याच शाळेतली पाच पोरं तिच्याकडं आली. जेम्स 'पूकी' हडसन हा त्यांचा मुख्य गायक. वाद्यांपेक्षा गळ्यांनी सूर भरणारा हा मेळ होता, नाव द स्पॅनिएल्स. व्हिव्हियननं त्यांना ऐकलं आणि ठरवलं की हे आपणच छापायचं. पैसे नव्हते. गहाणवटीवर पैसे देणाऱ्या एका सावकाराकडून दोघांनी पाचशे डॉलर उचलले. मे महिन्यात शिकागोच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. व्हिव्हियनचा 'व्ही' आणि जेम्सचा 'जे' घेऊन कंपनीचं नाव झालं. त्याच वर्षअखेरीस त्या दोघांनी लग्न केलं. म्हणजे कंपनीचं बारसं आधी आणि लग्न मागाहून. स्पॅनिएल्सची पहिली तबकडी सगळीकडं पोचवण्याइतकं बळ अंगात नव्हतं, म्हणून ती शिकागोच्या चान्स रेकॉर्ड्सला भाड्यानं दिली. व्हिव्हियनचा भाऊ कॅल्विन कार्टर ध्वनिमुद्रणाचं बघू लागला. इवर्ट ॲबनर पुढं हिशोब आणि व्यवहार बघायला आला.

कंपनीच्या पहिल्या तबकडीचा क्रमांक १०० होता. ती स्पॅनिएल्सची नव्हती, जिमी रीडची होती.

जिमी रीडबद्दल मला थांबून सांगायचं आहे. मिसिसिपीतल्या डनलीथचा, १९२५ चा जन्म. गॅरीला आला आणि मांस डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला लागला. गळ्यात तारेचा कंस अडकवून त्यात माउथ ऑर्गन आणि हातात गिटार, असं दोन्ही एकदम वाजवायचा. शिकागोतल्या चेस रेकॉर्ड्सचं तेव्हा ब्लूजच्या दुनियेत राज्य होतं. मडी वॉटर्स त्यांच्याकडं, लिटल वॉल्टर त्यांच्याकडं. त्यांनी रीडला घेतलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही. चेसच्या त्या काळातल्या रेकॉर्ड ऐकल्या की अंगावर येतात: आवाज फाटेपर्यंत चढवलेला माउथ ऑर्गन, गर्जना, दरारा. रीडच्या गाण्यात त्यातलं काहीच नाही. तो जणू ओसरीवर टेकून बसलाय, अर्धवट झोपेत आहे आणि शेजाऱ्याशी बोलतोय. त्याच्या बाजूला एडी टेलर हा लहानपणीचा मित्र गिटारच्या खालच्या तारांवर एकच चाल धरून असतो, डुलत जाणारी, बैलगाडीसारखी. सुरुवातीच्या काही ध्वनिमुद्रणांत ड्रमवर अल्बर्ट किंग होता, जो पुढं स्वतःच गिटारचा मोठा उस्ताद झाला. ही सहजता स्टुडिओत बसणाऱ्याला कदाचित कमकुवत वाटली असेल. पण दुकानात उभं राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की दिवसभर भट्टीपुढं उभा राहिलेला गडी संध्याकाळी काय ऐकायला मागतो.

पहिल्या दोन तबकड्या फारशा चालल्या नाहीत. १९५५ साली तिसरी चालली, आणि मग पुढची सहा-सात वर्षं जिमी रीड थांबला नाही. ब्लूज गाणाऱ्यांपैकी ज्यांची गाणी गोऱ्या पोरांच्या नाचापर्यंत, कॉलेजांच्या पार्ट्यांपर्यंत सर्रास पोचली, त्यांत तो अगदी पुढं होता.

आणि तो दबका आवाज? ती त्याची बायको, मेरी. सगळे तिला मामा रीड म्हणत; तिकडं मामा म्हणजे आई. रीडला लिहिता-वाचता जेमतेमच येई, दारू फार होती, शब्द विसरायचा. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती त्याच्या शेजारी बसायची आणि पुढची ओळ त्याच्या कानात सांगायची. गाणी रचण्यातही तिचा हात असे. माइक जवळच असल्यानं ते सांगणं तबकडीवर उतरलं. काही गाण्यांत ती त्याच्या बरोबरीनं गातानाच ऐकू येते. आपल्याकडं भजनात बुवांच्या मागं बसून एखादा जाणता टाळकरी पुढचं चरण हळूच सुचवतो, तसंच. दुसऱ्या एखाद्या कंपनीनं ते पुसलं असतं, बाईला काचेबाहेर बसवलं असतं, वीस वेळा पुन्हा गाऊन घेतलं असतं. व्ही-जेनं राहू दिलं. मला या कंपनीबद्दल जी माया वाटते तिचं मूळ इथं आहे.

१९५७ साली रीडला अपस्मार असल्याचं निदान झालं. त्याआधी त्याचे झटके दारूचे समजले जात. मंचावर तो कोसळला की लोक हसत. हे वाचल्यापासून त्याची गाणी ऐकताना मला तिचा आवाज आधी ऐकू येतो.

जॉन ली हूकर डेट्रॉइटहून यायचा. त्याची गोष्ट उलटी. ब्लूजचं आवर्तन साधारण बारा मापांचं असतं. हूकर एकटा वाजवायचा तेव्हा कधी साडेअकरा, कधी तेरा, जिथं गोष्ट संपेल तिथं सम. साथीदारांची पंचाईत व्हायची. व्ही-जेनं त्याच्यामागं रीडच्या गाण्यांत वाजवणारा एडी टेलर बसवला, जो समोरच्याच्या श्वासाकडं लक्ष ठेवून वाजवायचा. त्यातून १९५६ ते १९६२ या काळात हूकरची नाचता येतील अशी गाणी निघाली, आणि इंग्लंडातल्या पोरांनी ती उचलली. १९५६ मध्येच स्टेपल सिंगर्स या कुटुंबाची भक्तिगीतं आली. पॉप्स स्टेपल्सची थरथरणारी गिटार आणि मुलगी मेव्हिसचा आवाज. १९५८ साली शिकागोतली काही तरुण पोरं आली. त्यांत जेरी बटलर होता आणि सोळाही पूर्ण न झालेला कर्टिस मेफील्ड होता. त्यांच्या गाण्याला परत परत येणारं धृपद नव्हतं. रेडिओवर चालायचं तर धृपद हवं, असा तेव्हाचा ठाम समज. कॅल्विननं तेच गाणं निवडलं आणि ते चाललं.

मधल्या काळात एक गोष्ट सतत घडत होती, ती दुखवणारी आहे. १९५४ साली स्पॅनिएल्सचं निरोपाचं एक गोड गाणं गाजू लागलं. लगेच मॅकग्वायर सिस्टर्स या तीन गोऱ्या बहिणींनी मोठ्या कंपनीकडून तेच गाऊन बाजारात आणलं, आणि गोऱ्यांच्या रेडिओ केंद्रांवर त्यांचंच वाजू लागलं. गाणं घराघरांत गेलं, पूकी हडसन गेला नाही. तेव्हा हे इतकं नित्याचं होतं की त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं.

तरीही कंपनी वाढत गेली. शिकागोच्या साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर, जिथं चेस होती, इतर कंपन्या आणि वितरक होते, त्याच 'रेकॉर्ड रो'वर तिनं बस्तान बसवलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा उदय होण्याआधी कृष्णवर्णीयांच्या मालकीची एवढी मोठी रेकॉर्ड कंपनी अमेरिकेत दुसरी नव्हती. १९६२ च्या सुरुवातीला व्ही-जेच्या जीन चँडलरचं गाणं देशात पहिलं आलं. त्याच वर्षी न्यू जर्सीची चार गोरी पोरं, फोर सीझन्स, व्ही-जेकडं आली आणि पाठोपाठ तीन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. आता ही कंपनी केवळ ब्लूजची राहिली नव्हती.

तेव्हाच एक जोडमाल आला. फ्रँक आयफील्ड नावाच्या गायकाचं एक गाणं ब्रिटनमध्ये गाजलं होतं. ते अमेरिकेत काढण्याचे हक्क व्ही-जेनं घेतले. त्या व्यवहारात ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या एका नव्या चौकडीचे हक्कही पदरात पडले. ईएमआयची अमेरिकेतली स्वतःची कंपनी कॅपिटल हिनं ती पोरं नाकारली होती. फेब्रुवारी १९६३ मध्ये व्ही-जेनं त्यांची पहिली तबकडी काढली. पहिल्या छपाईत चौकडीचं नावही चुकलं, 'बीटल्स'मध्ये एक 'टी' जास्त पडला. तबकडी फारशी खपली नाही. अमेरिकेनं बीटल्स पहिल्यांदा ऐकले ते जिमी रीडच्या कंपनीच्या शिक्क्याखाली, आणि ऐकून सोडून दिले.

आता धंद्याचं सांगते, कारण व्ही-जे बुडाली ती इथं. लोकांना वाटतं गाणं पडलं की कंपनी पडते. आमच्या घरात मी उलटं पाहिलंय. एका गणपतीत आरत्यांची एक कॅसेट अशी उठली की अण्णांना पुरवठा जमेना. खेडोपाडीचे जत्रेतले स्टॉलवाले रांग लावून होते. अण्णांनी उसनवारी करून घाऊक व्यापाऱ्याकडून रोखीनं माल उचलला आणि स्टॉलवाल्यांना उधारीवर दिला. माल हातोहात खपला. पैसे दिवाळीला आले नाहीत, संक्रांतीला आले नाहीत. "पुढचा माल द्या, मागचं मिळून देतो," हेच सगळ्यांचं उत्तर. पुढचा माल द्यायला अण्णांकडं पैसे नव्हते. त्या वर्षी आमच्या दुकानात पूर्वी कधी झाली नव्हती एवढी विक्री झाली आणि त्याच वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. अण्णांची लाल वही अजून आहे. त्यातली ती पानं मी बघत नाही.

अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचा गाडा नेमका असाच चालायचा. तबकड्या दाबणाऱ्या कारखान्याला पैसे लगेच द्यायचे. माल जायचा प्रांतोप्रांतीच्या वितरकांकडं, ते महिनोन् महिने पैसे अडकवायचे आणि न खपलेला माल परत पाठवायचे. मागचे पैसे वसूल व्हायचे ते पुढचं गाणं गाजलं तरच. म्हणजे गाणं जितकं मोठं तितकी खिशातली रोकड आधी बाहेर. पाचशे डॉलरच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या कंपनीला राखीव गंगाजळी नव्हती, आणि कृष्णवर्णीयांच्या धंद्यांना त्या काळात बँका सहजी उभ्या करत नसत. तीन गाणी पाठोपाठ पहिल्या क्रमांकावर जाणं हे एवढ्या बेताच्या भांडवलाला पेलणारं नव्हतं.

त्यात ॲबनरच्या जुगाराच्या कर्जापायी कंपनीचा पैसा खर्ची पडला आणि १९६३ मध्ये त्याला जावं लागलं. पैशाची चणचण अशी की कलाकारांचा वाटाही देता येईना. फोर सीझन्स रॉयल्टीच्या भांडणावरून निघून गेले. बीटल्सच्या तबकड्यांचा वाटा न पोचल्यानं त्यांचे हक्क रद्द झाल्याचं सांगण्यात आलं. कॅल्विन आणि व्हिव्हियनचा मी कितीही कैवार घेतला तरी एक गोष्ट झाकता येत नाही: ज्यांनी गायलं त्यांचे पैसे थकले. गल्ल्यावरचा कान कितीही तयार असला तरी वही दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, ते इथं दिसतं.

मग जानेवारी १९६४ उजाडला. कॅपिटलनं आता बीटल्स घेतले होते, सगळा देश वेडा व्हायच्या बेतात होता, आणि व्ही-जेच्या कपाटात वर्षापूर्वीची ध्वनिमुद्रणं पडून होती. त्यांनी ती बाहेर काढली. लाँग प्ले तबकडी लगेच बाजारात आली, कॅपिटलनं लगेच कोर्टात खेचलं. मनाई हुकूम लागायचा, उठायचा, पुन्हा लागायचा. मधल्या दिवसांत व्ही-जे जमेल तेवढ्या तबकड्या दाबून घेई. ४ एप्रिल १९६४ च्या, बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या यादीत पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. त्यांतलं दुसरं टॉली या व्ही-जेच्याच उपकंपनीचं होतं आणि पाचवं खुद्द व्ही-जेचं. त्यांची लाँग प्ले तबकडी नऊ आठवडे दुसऱ्या क्रमांकावर होती, कॅपिटलच्या तबकडीच्या लगेच मागं. शेवटी तडजोड झाली आणि ऑक्टोबरपर्यंतच विकायची मुभा मिळाली. तोवर तीच मोजकी गाणी नव्या वेष्टणात, नव्या नावानं, फोर सीझन्सच्या जुन्या गाण्यांशी जोड लावून, पुन्हा पुन्हा विकली गेली. ती वेष्टणं बघताना मला लाजही वाटते आणि गलबलूनही येतं. घर विकायची वेळ आलेलं माणूस भांडीसुद्धा दोनदा घासून मांडतं.

कंपनी लॉस एंजेलिसला नेली, मग परत शिकागोला आणली. १९६६ मध्ये दिवाळं निघालं. चेस १९६९ मध्ये लाखो डॉलरना विकली गेली. व्ही-जेच्या वाट्याला ते आलं नाही. जेम्स ब्रॅकन १९७२ मध्ये गेला, जिमी रीड १९७६ मध्ये, कॅल्विन १९८६ मध्ये. चेसच्या जुन्या इमारतीत आज ब्लूजचं स्मारक आहे, लोक तिथं फोटो काढतात. तिच्याच रस्त्यावर आणखी एक कंपनी होती, आणि तिची मालकीण एक कृष्णवर्णीय बाई होती, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल असं मला दर वेळी वाटतं.

अण्णा आता थकलेत, पुण्याला माझ्याकडंच असतात. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. बीटल्स त्यांना ठाऊक होते, पण त्यांत त्यांना रस वाटला नाही. वितरकांचं सांगितलं तेव्हा मात्र ते नुसते हसले आणि म्हणाले, "तिकडंही असंच का?" थोड्या वेळानं विचारलं, "त्या बाईनं पुढं काय केलं मग?"

ती गॅरीला परतली, म्हटलं. पुन्हा रेडिओवर तबकड्या लावू लागली. १९८९ साली तिथंच गेली.

"म्हणजे गाणी लावतच राहिली," ते म्हणाले.

मग मी जिमी रीड लावला. मामा रीडबद्दल काही सांगितलं नव्हतं, मुद्दाम. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलत होती. दुसरं कडवं सुरू झालं आणि त्यांनी हात वर केला. आवाज वाढव, अशी खूण.

"मागं कुणीतरी सांगतंय त्याला," ते म्हणाले. "ऐक. ती बाई."